टेलिव्हिजन घेतांना



आजचा विषय घरगुती आहे. दसरा-दिवाळी जवळ आली म्हणजे पुष्कळ घरांतून नव्या टेलिव्हिजनची भाषा सुरू होते. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर जाहिराती झळकूं लागतात, मुलें आंकडे पाठ म्हणूं लागतात, आणि घर चालविणाऱ्या माणसांस बोनसाचा किंवा निवृत्तिवेतनाचा मेळ त्या आंकड्यांशीं घालावा लागतो. अशा वेळीं खरेदीदाराच्या पदरीं जें ज्ञान असतें तें बहुधा विक्रेत्याकडूनच आलेलें असतें. विकणाऱ्यानें आपल्याच मापानें माल मोजून द्यावा ही रीत आपल्या आया-आज्यांनीं धान्याच्या बाबतींतहि कधीं निमूटपणें मान्य केली नाहीं. मग वीस-तीस हजारांच्या वस्तूसाठीं ती आपण कां मान्य करावी? मी अभियंता नव्हें. मॅट्रिक होऊन ज्याचें आयुष्य शाळेंत गणित शिकविण्यांत गेलें असा एक मास्तर आहें. परंतु या प्रश्नाचा मोठा भाग सातव्या इयत्तेच्या गणितानें सुटण्यासारखा आहे, म्हणूनच त्यावर बोलण्याचें धाडस करीत आहें.

प्रथम 'हाय डेफिनिशन' या शब्दाकडेच पाहूं. हा शब्द आजचा नव्हे. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी. बी. सी. नें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं टेलिव्हिजनची नियमित सेवा सुरू केली, तेव्हां तिलाहि 'हाय डेफिनिशन' असेंच म्हणत. त्या वेळीं दोन पद्धति आळीपाळीनें वापरून पाहण्यांत आल्या: बेअर्ड यांची २४० ओळींची, आणि मार्कोनी-ई. एम. आय. यांची ४०५ ओळींची. बेअर्ड यांचीं पूर्वींचीं चित्रें अवघ्या ३० ओळींचीं असत, तेव्हां २४० ओळी पाहून लोक हरखून गेले असल्यास नवल नाहीं. आपल्याकडे दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालें, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि १९८२ सालीं चित्राला रंग आला. पण ओळी ६२५ च राहिल्या, व त्यांपैकीं पडद्यावर प्रत्यक्ष उतरणाऱ्या ५७६ च. आज आपण ज्या वाहिनीला साधी, म्हणजे एस. डी., म्हणतों तिच्यांत त्याच ५७६ ओळी डिजिटल वेष घालून आपल्या घरीं येतात. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

हल्लींचा पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. मी ठिपकेच म्हणेन. 'एचडी रेडी' या नांवानें विकल्या जाणाऱ्या ३२ इंची संचांत बहुधा आडवे १३६६ व उभे ७६८ ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारें साडेदहा लाख. 'फुल एचडी'मध्यें १९२० गुणिलें १०८०, म्हणजे २०,७३,६००. 'फोर-के'मध्यें दोन्ही बाजू दुप्पट, म्हणून ठिपके चौपट, ८२,९४,४००. आणि 'एट-के'मध्यें त्याच्याहि चौपट, तीन कोटींच्या वर. दोन्ही बाजू दुप्पट केल्या तर क्षेत्रफळ चौपट होतें हें शाळेंतील पोरालाहि ठाऊक असतें. परंतु चौपट ठिपके म्हणजे चौपट चांगलें चित्र, असें जें दुकानांत सुचविण्यांत येतें, तें मात्र या गुणाकारांतून निघत नाहीं. कारण पडदा आणि समाधान यांच्यामध्यें मनुष्याचा डोळा आहे, व त्याची शक्ति कोणत्याहि कंपनीला वाढवितां आलेली नाहीं.

अंशाचे साठ भाग केले म्हणजे त्यांतील एका भागाला आपल्या ज्योतिषांत 'कला' म्हणतात. निरोगी डोळ्याला, मग तो चष्म्यानें निरोगी केलेला कां असेना, सुमारें एक कला एवढ्या कोनानें अलग असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. त्याहून त्या जवळ आल्या तर डोळा त्यांची एकच करून टाकतो. हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्यानें १८६२ सालीं अक्षरांचा जो तक्ता प्रसिद्ध केला, आणि ज्याच्यासमोर आपण सर्वजण केव्हांना केव्हां एक डोळा झांकून बसलों आहों, त्यांतील ६/६ ची ओळ याच मापावर बेतलेली आहे. आतां त्रैराशिक पाहा. कोणतीहि वस्तु तिच्या रुंदीच्या सुमारें ३,४४० पट दूर ठेवली म्हणजे ती एका कलेएवढी दिसते. ४३ इंची संच घ्या. हे ४३ इंच कर्णाचे आहेत. खोक्यावर तें माप सेंटिमीटरमध्यें, १०८ किंवा १०९, असें छापलेलें असतें. पडद्याचें प्रमाण १६ ला ९ असल्यामुळें त्याची रुंदी सुमारें ९५ सेंटिमीटर भरते. या रुंदींत फुल एचडीचे १९२० ठिपके बसवले म्हणजे एक ठिपका जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा होतो. त्याच्या ३,४४० पट म्हणजे १,७२० मिलिमीटर, अर्थात् साडेपांच फुटांहून किंचित् अधिक. एवढ्या अंतराच्या पलीकडे बसलांत कीं ठिपके एकमेकांत मिसळले. त्याच आकाराच्या फोर-के पडद्याचे अधिक ठिपके ओळखूं येण्यासाठीं तुम्हांला या अंतराच्या आंत यावें लागेल, आणि त्यांचा पुरता मोबदला घ्यावयाचा तर पडद्यापासून तीन फुटांवर बसावें लागेल. तेथें बसून कोणी मालिका पाहत असेल तर त्याला आई उठवील.

आतां आपलीं घरें पाहूं. मुंबई-पुण्याकडील सदनिकेंतील दिवाणखाना दहा-अकरा फूट रुंद असतो. सोफ्याची पाठ एका भिंतीला व टेलिव्हिजन समोरच्या भिंतीला. आमच्या इमारतींतील चार-पांच घरांत मी हौसेनें टेप धरून पाहिली. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचें अंतर साडेसात फुटांहून कमी किंवा दहा फुटांहून अधिक कोठेंहि भरलें नाहीं. आठ फूट धरून चालूं. आठ फुटांवर एक कला म्हणजे ०.७ मिलिमीटर. फुल एचडीचा ठिपका एवढा मोठा होण्यास पडदा साठ इंचांच्या घरांत जावा लागतो. तरुण डोळ्यांची शक्ति स्नेलेनच्या ओळीहून थोडी अधिक असते हें खरें, व त्यांना पन्नास-पंचावन्न इंचांवर फरक जाणवूं शकेल. परंतु साठी उलटलेल्या, मोतीबिंदू उतरूं लागलेल्या आपल्यासारख्यांनीं ती आशा धरूं नये. याचा अर्थ फोर-के घेऊं नये असा नाहीं. ४३ इंचांपासून वरचे बहुतेक संच आतां फोर-केच येतात. मिळत असेल तर घ्यावा. मात्र त्या शब्दासाठीं वेगळे पैसे मोजूं नयेत, आणि एट-के हा शब्द कानांवर आला तर दुकानदाराला नमस्कार करून पुढें जावें.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं करावयाची गोष्ट एकच: घरांत टेप धरावी, आणि अंतर कागदावर लिहावें.

दुसरी गोष्ट, संचांत येतें काय याचा हिशेब. मघांशीं ५७६ ओळींचा उल्लेख केला तो येथें उपयोगी पडतो. एस. डी. वाहिनीच्या एका ओळींत ७२० च ठिपके असतात. ते ४३ इंची पडद्यावर पसरले म्हणजे प्रत्येक ठिपका सव्वा मिलिमीटरहून मोठा होतो, आणि तो नाहींसा होण्यास पंधरा फूट दूर बसावें लागतें. ५५ इंची पडद्यावर हेंच अंतर एकोणीस फुटांवर जातें. संच मधले ठिपके अंदाजानें भरून काढतो, पण जें मुळांत टिपलेलेंच नाहीं तें कोठून आणणार? म्हणून ज्या घरांत दूरदर्शनची मोफत डिश आहे, किंवा केबलवर साध्या वाहिन्यांचाच संच घेतला आहे, त्या घरांत पडदा जितका मोठा तितकें चित्र पुसट, असा उलटा न्याय लागतो. पुष्कळ मंडळी पंचावन्न इंची संच घरीं आणतात आणि आठ दिवसांनीं म्हणतात कीं दुकानांत कसें लखलखीत दिसत होतें! दुकानांत कंपनीनें दिलेली फोर-के चित्रफीत चालूं होती. घरीं साधी बातम्यांची वाहिनी चालूं आहे. संचाचा त्यांत अपराध नाहीं. अशा घरानें संच मोठा घेण्यापूर्वीं आपल्या आवडीच्या दोन-चार वाहिन्या एचडी करून घ्याव्या, व सेट-टॉप बॉक्सहि एचडीचा आहे ना, तो एचडीएमआय तारेनें जोडला आहे ना, हें पाहावें. लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांच्या जुन्या तारेनें जोडलेला बॉक्स नव्या संचाला जुनेंच चित्र पुरवितो. असे संच मीं अनेक घरांत पाहिले आहेत. तीनशें रुपयांची तार बदलतांच घरच्यांना नवा टेलिव्हिजन आल्यासारखें वाटलें.

इंटरनेटवरून चित्रपट पाहणाऱ्यांची गोष्ट निराळी. तेथें खरें फोर-के चित्र मिळतें, पण त्यालाहि अटी आहेत. नेटफ्लिक्स कंपनी फुल एचडीसाठीं सेकंदाला ५ मेगाबिट व फोर-केसाठीं १५ मेगाबिट वेग असावा असें सांगते, आणि फोर-के चित्र आपल्या सर्वांत महाग वर्गणींतच देते. ती वर्गणी भरणार नसाल तर ते ब्याऐंशी लाख ठिपके रिकामे बसून राहणार.

आठ फुटांसाठीं मग कोणता आकार घ्यावा? माझें मत असें कीं, मुख्यतः साध्या वाहिन्या पाहणाऱ्या घरानें ४३ इंचांवर जाऊं नये. एचडी वाहिन्या व इंटरनेट यांवर भर असणाऱ्यानें ५५ पर्यंत खुशाल जावें, कारण तेवढ्या पडद्यानें दृष्टीचें क्षेत्र चित्रपटगृहासारखें थोडें भरल्यासारखें वाटतें. निजावयाच्या खोलींत, पांच-सहा फुटांवर, ३२ इंची 'एचडी रेडी' पुष्कळ झाला. त्याचें गणितहि बरोबर सहा फुटांवरच येतें.

येथवर ठिपक्यांची संख्या झाली. पण चित्राचा खरा जीव संख्येंत नसून काळा रंग किती काळा आहे यांत असतो, आणि हें खोक्यावर कोठेंहि छापलेलें नसतें. तें समजण्यास पडद्याच्या आंत डोकावलें पाहिजे. आज ज्याला सर्रास 'एलईडी टीव्ही' म्हणतात तो वस्तुतः द्रव-स्फटिकांचा, म्हणजे एलसीडी पडदाच आहे. एलईडीचे दिवे नुसते मागें लावलेले असतात. द्रव-स्फटिक हा पदार्थ १८८८ सालीं फ्रीड्रिख राइनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास आढळला, आणि गंमत अशी कीं तो गाजरांतून काढलेल्या द्रव्याचा अभ्यास करीत होता. तें द्रव्य एकदां वितळून गढूळ होई व पुढें आणखी तापविल्यावर पुन्हां एकदां वितळून स्वच्छ होई. घनहि नाहीं आणि पुरतें द्रवहि नाहीं, अशा त्या मधल्या अवस्थेंतील कण विजेच्या दाबानें आपली दिशा बदलतात, आणि मागच्या दिव्याचा प्रकाश कमीअधिक पुढें सोडतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक चिमुकली झडपच म्हणा. झडप पुरती मिटत नाहीं, थोडा प्रकाश झिरपतोच. म्हणून रात्रीच्या प्रसंगांतील काळोख करडा दिसतो.

या झडपांची मांडणी मुख्यतः दोन तऱ्हांची असते. 'आयपीएस' या तऱ्हेंत बाजूनें पाहिलें तरी रंग बिघडत नाहींत, पण काळा रंग जरा फिका असतो. 'व्हीए' या तऱ्हेंत काळा चांगला गडद असतो, पण बाजूला बसणाऱ्यास रंग विटल्यासारखे दिसतात. ज्या घरांत आजोबा दिवाणावर, मुलें जमिनीवर आणि कोणी जेवणाच्या टेबलाशीं, अशी चारी बाजूंनीं मंडळी बसतात तेथें पहिली बरी. दोघेंचौघें समोर बसून रात्रीं दिवे मंद करून चित्रपट पाहत असतील तर दुसरी. दुकानांतील विक्रेत्यास हीं नांवें पुष्कळदां माहीत नसतात. त्याला विचारूं नये. संचासमोर उभें राहावें, मग चार पावलें बाजूला सरकावें, आणि पडद्यावरील माणसाच्या तोंडाकडे पाहावें. चेहरा पांढुरका पडला तर उत्तर मिळालें.

'क्यूएलईडी' या नांवानें पुष्कळांचा घोटाळा होतो. तोहि एलसीडीच, फक्त दिवा निळा असून त्याच्यापुढें अतिसूक्ष्म कणांचा एक पडदा असतो, आणि ते कण निळ्या प्रकाशापासून शुद्ध लाल व हिरवा प्रकाश तयार करतात. रंग खरोखरच अधिक खुलतात. निळ्या दिव्याच्या शोधाला २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें आणि त्या सूक्ष्म कणांच्या शोधाला २०२३ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां आपल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर दोन नोबेल पारितोषिकें लटकत असतात असें म्हणण्यास हरकत नाहीं. 'ओएलईडी' मात्र निराळी जात आहे. तेथें प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो व स्वतःच विझतो, म्हणून काळा तो काळाच. परंतु त्याची किंमत आजच्या आपल्या मर्यादेबाहेर आहे, आणि ज्या घरांत एकच बातम्यांची वाहिनी सकाळपासून रात्रीपर्यंत चालते तेथें वाहिनीचें बोधचिन्ह पडद्यावर कायमचें उमटून राहण्याचा धोकाहि आहे.

'एचडीआर' हीं अक्षरें आतां स्वस्तांतल्या संचांवरहि असतात. त्यांचा अर्थ एवढाच कीं तसा संदेश संचाला वाचतां येतो. तो दाखवितां येण्यास पडदा फार तेजस्वी लागतो. तीन तऱ्हेचे काळे आणि दहा तऱ्हेचे पांढरे दाखविण्याची ऐपत स्वस्त पडद्यांत नसते. या अक्षरांना किंमत देऊं नये.

दुकानांत पाहण्याची एक युक्ति सांगतों. तेथें सर्व संच 'व्हिव्हिड' किंवा तत्सम भडक बेतावर ठेवलेले असतात, आणि फुलें, मध, पोपट असलीं चित्रें चालूं असतात. पोपट कोणत्याहि पडद्यावर हिरवाच दिसावयाचा. आपला एक पेनड्राइव्ह न्यावा. त्यांत एक रात्रीचा प्रसंग, एक क्रिकेटचा तुकडा आणि घरच्याच एखाद्या कार्यांतील ओळखीच्या माणसांचें चित्रण असावें. ओळखीच्या चेहऱ्याचा वर्ण आपल्याला जितका अचूक कळतो तितका पोपटाचा कळत नाहीं. विक्रेत्यास 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' या नांवाचा बेत लावावयास सांगावें. प्रथम चित्र पिवळसर वाटेल. घरीं चार दिवस तेंच राहूं द्यावें. डोळा रुळला कीं पूर्वींचें चित्र निळें होतें असें आपलें आपल्यालाच कळतें. चित्रपट पाहतांना माणसें मालिकेंतल्यासारखीं गुळगुळीत सरकूं लागलीं तर 'मोशन' या नांवाखालील सुधारणा बंद करावी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो; मधल्या चौकटी संचानें स्वतः रचून भरण्याचें कारण नाहीं.

आतां आवाजाविषयीं, आणि येथें मला थोडें थांबावयाचें आहे, कारण घरांतील वडील माणसांचें सुख येथें अडकलेलें असतें. माझ्या वहिनी ७८ वर्षांच्या आहेत. पुतण्यानें गेल्या वर्षीं त्यांच्यासाठीं मोठ्या हौसेनें ५५ इंची संच आणला, व जमविलेली सर्व रक्कम पडद्यावरच खर्च केली. पहिल्या संध्याकाळीं वहिनी म्हणाल्या, "चित्र फार सुरेख आहे रे, पण हीं माणसें बोलतात काय?" दोन-तीन आठवड्यांत त्यांनीं मालिका पाहणें सोडून दिलें, आणि विचारल्यास "आतां मन लागत नाहीं" असें सांगूं लागल्या. मन लागत होतें. शब्द लागत नव्हते. वाढत्या वयांत कानाची उंच स्वरांची शक्ति आधीं जाते, आणि स, श, त, क हीं व्यंजनें नेमकीं तेथेंच असतात. स्वर ऐकूं येतात, शब्द ओळखूं येत नाहींत. त्यांतच आजचे संच दोन-तीन बोटें जाडीचे. त्यांत कर्णे ठेवावयास जागा नाहीं, म्हणून ते खालीं किंवा मागें तोंड करून बसविलेले असतात, आणि आवाज भिंतीवर आपटून मग आपल्याकडे येतो. आवाज वाढविला कीं गोंगाट वाढतो, स्पष्टता वाढत नाहीं. पुढें पुतण्यानें पडद्याखालीं एक लहानसा साउंडबार ठेवला, व त्यांतील संवाद ठळक करण्याची सोय सुरू करून दिली. वहिनी आतां रात्रीं साडेआठला पुन्हां आपल्या खुर्चींत असतात.

म्हणून माझा आग्रह असा कीं तीस हजार रुपये खर्च करावयाचे असतील तर पडद्यावर पंचवीसच करावे आणि पांच हजार आवाजासाठीं राखून ठेवावे. ढोबळमानानें ४३ इंची फोर-के संच हल्लीं वीस ते पस्तीस हजारांत मिळतो, तेव्हां ही वांटणी अशक्य नाहीं.

'स्मार्ट' या गुणासाठींहि अधिक पैसे देऊं नयेत. तो सर्वच संचांत असतो, आणि चार-पांच वर्षांत म्हातारा होतो: नवे कार्यक्रम त्यावर चालत नाहींत, बटण दाबल्यावर विचार करीत बसतो. पडदा मात्र आठ-दहा वर्षें सहज टिकतो. तेव्हां एचडीएमआयच्या खिडकींत खोंचावयाची तीन-चार हजारांची स्टिक आणली कीं जुन्या पडद्याला नवी बुद्धि मिळते. आणखी एक लक्षांत ठेवावें: आपण काय पाहतों याची नोंद हे संच ठेवूं शकतात. विझिओ या कंपनीनें ग्राहकांस न कळवितां अशी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणीं अमेरिकेंत २०१७ सालीं तिला २२ लक्ष डॉलर भरावे लागले. प्रथम संच सुरू करतांना जीं संमतिपत्रें पुढें येतात तीं न वाचतां 'होय' म्हणूं नये.

किमतीविषयीं दोन शब्द. ३२ इंची संचच स्वस्त पडतो हा समज काल-परवापर्यंत खरा होता, व त्याचें एक कारण करांत होतें. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्यावरच्या संचांवर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरहि १८ टक्केच झाला. त्यापूर्वीं कोणी केलेला हिशेब आपल्या उपयोगाचा नाहीं.

हप्त्यांविषयीं अधिक सावध राहावें. 'बिनव्याजी हप्ता' ही गोष्ट जगांत नाहीं. रिझर्व्ह बँकेनेंहि सप्टेंबर २०१३ मध्यें बँकांना हेंच बजावलें होतें. समजा, तीस हजारांचा संच रोखीनें घेणाऱ्यास दोन हजार सूट आहे, व हप्त्यानें घेणाऱ्यास अडीच हजारांचे बारा हप्ते, सूट नाहीं. म्हणजे संचाची खरी किंमत अठ्ठावीस हजार, आणि दोन हजार हें व्याज. शेकडा सातच झालें, असें वाटेल. पण मुद्दल दरमहा फिटत असल्यामुळें वर्षभरांत सरासरीनें निम्म्याच्या आसपासच रक्कम आपल्याकडे असते. तेव्हां व्याजाचा खरा दर वर्षाला तेरा टक्क्यांच्या घरांत जातो. त्यावर प्रक्रिया-शुल्क निराळें. विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: "आतां रोख दिले तर किती?" उत्तर आल्यावर वजाबाकी आपणच करावी.

विजेचा खर्च फार नाहीं. १०० वॉटचा संच रोज पांच तास चालला तर महिन्यास १५ युनिटें. ताऱ्यांच्या पट्टीवर वर्षाचीं युनिटें छापलेलीं असतात, तीं दोन संचांचीं ताडून पाहावीं, इतकेंच.

हमीचा कागद मात्र नीट वाचावा. पडदा फुटला किंवा त्यांत रेघ आली तर दुरुस्तीचा खर्च बहुधा नव्या संचाच्या जवळपास जातो, आणि फुटलेला पडदा हमींत बसत नाहीं. कंपनी कितीहि नामांकित असो, आपल्या गांवीं तिचा दुरुस्तीचा माणूस येतो कीं नाहीं हें शेजारीपाजारीं विचारावें. मुंबईंत स्वस्त मिळाला म्हणून आणलेला संच कुडाळास किंवा परभणीस बिघडला तर त्याचें काय होतें, हें तेथील मंडळींस विचारून पाहावें.

संच बसवितांना एक खोड सर्वत्र दिसते. तो भिंतीवर पांच-साडेपांच फुटांवर, देवाच्या तसबिरीसारखा टांगतात. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारें साडेतीन फुटांवर असतो, आणि पडद्याचा मध्य तेथेंच यावयास हवा. ४३ इंची संचाची खालची कड त्या हिशेबानें अडीच फुटांच्या आसपास येते. बसविणारा कारागीर घाईंत असतो. त्याच्या हातीं ड्रिल जाण्यापूर्वीं भिंतीवर पेन्सिलीनें खूण करून ठेवावी. पावसाळ्यांत जी भिंत ओल धरते ती टाळावी, खिडकीसमोरचीहि टाळावी, आणि वीज ये-जा करीत असेल तेथें सर्ज प्रोटेक्टर लावावा. पडदा मऊ कोरड्या फडक्यानें पुसावा. कांच पुसण्याचें निळें औषध त्यावर कधीं मारूं नये.

राहतां राहिला जुना संच. चालत असेल तर त्याला निजावयाच्या खोलींत जागा द्यावी. माळ्यावर फुगीर काचेच्या नळीचा संच पडून असेल, तर त्या काचेंत शिसें असतें; तो भंगारवाल्याला देऊन त्याच्याकडून रस्त्यावर फोडून घेऊं नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हां नव्या संचाची पावती करतांनाच जुना कोठें द्यावयाचा तें दुकानांत विचारून घ्यावें, आणि नवा संच घेऊन येणाऱ्या गाडींतूनच तो जाईल अशी व्यवस्था करावी.